आबा हँग झालेत

पहिल्या व्हिडिओ कॉलच्या दिवशी मी सकाळपासून तीनदा फोन पुसला. एकदा रुमालाने, एकदा बनियनने आणि एकदा वहिनींच्या चष्म्याच्या कापडाने. त्या कापडाचं मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर घरी येणार म्हटलं की माणूस घर झाडतो, एवढं मला माहीत होतं. डॉक्टर फोनमध्ये येणार म्हटल्यावर काय झाडायचं, ते आठवीच्या पुस्तकात असेल तर असेल. मी सातवीनंतर शाळेत गेलो नाही.

मी नेरूळला आबांकडे असतो. आबांची आंघोळ, गोळ्या, जेवण, फिरणं, सगळं माझ्याकडे. माझं गाव यवतमाळकडचं. त्याआधी तळोज्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होतो, बारा-बारा तास उभा. तिथून मला दादांनी, म्हणजे आबांच्या मुलाने, उचलून इथे आणलं. स्वयंपाकघराला लागून खोली दिली. त्या खोलीला खिडकी आहे. खिडकीची बातमी मी गावी फोन करून आईला दिली होती. आणि तेव्हापासूनच मला धाकधूक आहे. माझं काही चांगलं झालं की ते चुकून झालंय, आणि कोणाच्या तरी लक्षात येईल, असं मला वाटत राहतं. म्हणून मी गॅस दोनदा बघतो, गोळ्यांचा डबा तीनदा मोजतो, आणि दादा ‘भाऊ, जरा इकडे या’ म्हणाले की आधी मनातल्या मनात सामान बांधून घेतो.

आबा साताऱ्याकडचे. वाशीच्या बाजारात, कांदा-बटाट्याला, उभा जन्म माथाडी. पाठीवर गोणी घेऊन ट्रकवरून फळीवरून खाली, फळीवरून गाळ्यात. आता त्यांना पार्किन्सन झालाय. हात थरथरतो, चेहरा हलत नाही, आणि चालता चालता पाय मध्येच जमिनीला चिकटतात. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आबांनी विचारलं होतं, “ह्यो पारकिसन कुठल्या गावचा?” तेव्हापासून घरात आजाराला किसनच म्हणतात. “आज किसन लई जोरात हाय,” असं आबा सकाळी सांगतात, जसा काही तो शेजारच्या पलंगावर झोपला होता.

आधी आम्ही आबांना गाडीत घालून खाडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचो. पूर्ण दिवस जायचा. आणि गंमत अशी, की तिथल्या लांब व्हरांड्यात डॉक्टर मॅडमना बघितलं की आबा पहिलवानासारखे चालायचे. चिकटणं नाही, काही नाही. मॅडम म्हणायच्या, “छान चालतायत की!” मी म्हणायचो, “घरी चिकटतात हो मॅडम.” मॅडम माझ्याकडे बघायच्या. आबाही माझ्याकडे बघायचे, जसा काही मी त्यांच्यावर आळ घेतोय. मग मॅडमनीच सुचवलं, की तुम्ही मोबाईलवरून दाखवा, मला त्यांना घरातच बघायचंय.

तर तो पहिला कॉल. दादा ऐरोलीला ऑफिसात होते, वहिनी, म्हणजे दादांच्या बायको, आतल्या खोलीत ऑनलाइन शिकवत होत्या. वहिनींनी मला नीट समजावलं होतं. आपण बोलत नसू तेव्हा म्यूट करायचं. पंख्याचा आवाज येतो, पंखा बंद ठेवायचा. हात हलवायचा नाही, समोरच्याला गरगरतं. मी तिन्ही गोष्टी मनाशी पाठ केल्या.

मॅडम फोनमध्ये आल्या. मी नमस्कार केला, फोन पडता पडता वाचला. मॅडम म्हणाल्या, “मामा, आबांना जरा हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालायला सांगा. तुम्ही मागे उभे राहून दाखवा.”

मी म्यूट केलं. आबा निघाले. चार पावलं बरी टाकली आणि स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या पट्टीशी, पाय चिकटले.

आता बघा काय झालं. आबा दारात उभे, हलत नाहीत. पंखा बंद, म्हणून कॅलेंडर हलत नाही, पडदा हलत नाही. मी मॅडमना गरगरू नये म्हणून श्वास रोखलेला, म्हणून फोन हलत नाही. आणि मी बोलत नव्हतो, म्हणून आवाज नाही.

“हॅलो?” मॅडम म्हणाल्या. “हॅलो, मामा? तुमचा व्हिडिओ हँग झालाय.”

मला वाटलं, माझ्याकडून नेट संपलं. मॅडमनी कट करून पुन्हा लावला. मी उचलला. आबा तिथेच. “अजून तेच चित्र दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. “वायफायजवळ जा जरा.” मी वायफायजवळ गेलो, तिथून आबा दाखवले. आबा तसेच. मॅडमनी तिसऱ्यांदा लावला, मी तिसऱ्यांदा म्यूट केला. मी तोंडाने “दिसतंय का, दिसतंय का” म्हणत होतो, पण म्यूटमध्ये. शेवटी मी आबांच्या आणि फोनच्या मध्ये जाऊन हात जोरजोरात हलवला, एसटीला थांबवतात तसा. मॅडम म्हणाल्या, “अरे, तुम्ही हलताय!” मग मला म्यूटचं आठवलं.

मी ते काढलं आणि माझ्या तोंडून गावचीच भाषा आली. “मॅडम, नेट चालू हाये. आबाच हँग झाले.”

मग आबांचा बारीक आवाज, मान न वळवता: “फोन ठेव म्हनावं तिला. म्हंजी चालतो.”

मॅडम हसल्या. पण हसून झाल्यावर म्हणाल्या, “मामा, मला हेच बघायचं होतं. इतके महिने हेच दिसत नव्हतं.” मला इतकं बरं वाटलं, की मी फोनला वाकून नमस्कार केला, आणि मॅडमना माझं टक्कल दिसलं.

मग त्यांनी एक काम सांगितलं. पुढच्या कॉलपर्यंत पंधरा दिवस वहीत लिहायचं: आबा कधी ऑन असतात, कधी ऑफ. सोबत गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, काय खाल्लं. “नीट लिहा हं मामा, यावरच सगळं ठरेल.”

‘सगळं’ म्हणजे किती, ते मला त्याच संध्याकाळी कळलं. आबा त्या महिन्यात दोनदा पडले होते. दादा घरी आले, बूट काढता काढता वहिनींना म्हणाले, “पनवेलच्या पुढे एक जागा आहे. चोवीस तास नर्स असतात. पुढच्या कॉलला डॉक्टर काय म्हणतात बघू, आणि मग पाठवायचं का ते फायनल करू.” टेबलावर त्यांनी एक गुळगुळीत कागद ठेवला. त्यावर बागेत बसलेले एक आजोबा, सगळे दात दाखवून हसणारे.

दादा वाईट नाहीत हो. आबा पडले त्या दिवशी ऑफिसातून येऊन हा माणूस बाथरूमच्या फरशीवर बसून रडला होता, ते मी पाहिलंय.

दादा आत गेल्यावर आबांनी तो कागद मागून घेतला. बराच वेळ बघितला.

“ह्याचं दात बघ,” आबा म्हणाले. “एवढा हसतुय, तर ह्याला घरात ठेवायला काय झालतं?”

मी कागद त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

“गोडाऊनला टाकत्यात मला,” आबा म्हणाले. “मोड आलेला कांदा बाजूला काढत्यात तसं. लिही बाबा वऱ्हाडी, नीट लिही.”

आबा मला वऱ्हाडी म्हणतात. माझ्या ‘मले-तुले’ची ते नक्कल करतात आणि ती त्यांना येत नाही.

मी नवी वही आणली, दोनशे पानी. रकाने आखले. आता ऑन आणि ऑफ. मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्या सोसायटीत खालचा वॉचमनसुद्धा सकाळी म्हणतो, ‘आज मूड ऑफ आहे.’ डॉक्टर मॅडमना आबांचा मूड कधी चांगला असतो आणि कधी नसतो, ते हवं होतं. आजारी माणसाच्या मनाचाही विचार करतात, किती चांगल्या बाई, असंच माझ्या मनात आलं.

अडचण एकच होती. आबांचा चेहरा हलत नाही. खूश असले तरी तोच चेहरा, रागावले तरी तोच. मग मूड कळणार कसा? म्हणून मी दर तासाला विचारायला लागलो.

“आबा, मूड ऑन आहे का?”

“हाय.”

एक तासाने: “आबा, मूड?”

“हाय म्हनलं न्हवं!”

तिसऱ्या तासाला: “आबा—”

“आत्तापतुर ऑन हुता,” आबा म्हणाले. “तू इचारलं आन् ऑफ झाला. लिही.”

मी लिहिलं. ‘बुधवार, ११ वाजता, ऑफ. कारण: मी.’

पुढे पुढे आबांना या वहीची चटकच लागली. पनवेल त्यांच्या डोक्यात होतं. दगडासारखा चेहरा करून ते बसायचे आणि सांगायचे, “बघ, हसतुय मी. ऑन लिही.” मी म्हणायचो, “आबा, दिसत नाहीये.” ते म्हणायचे, “आतनं हसतुय.” मग मी लिहायचो, ‘ऑन (आतून).’ खोटं लिहायची माझी हिंमत नव्हती. जे होतं ते सगळं लिहिलं, घाबरट माणूस काही सोडत नाही. पाय चिकटले तर तेही कडेला लिहिलं: कुठे चिकटले, किती मिनिटं, त्याआधी पोटात काय गेलं होतं.

मधे आईचा फोन आला. मी तिला सांगितलं की मी मुंबईच्या डॉक्टरशी मोबाईलवर बोलतो, त्यांच्यासाठी वही लिहितो. आई म्हणाली, “डाक्टर मोबाईलमंधी मावते कसा?” आणि थोड्या वेळाने, “तुले शाळेत वही लिवाचा केवढा कटाळा होता.”

दुसऱ्या कॉलला दादांनी अर्धी रजा काढली. वहिनीही होत्या. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, मागे तो पनवेलचा कागद आधाराला. आबा खुर्चीत, मी उभा. मॅडम म्हणाल्या, “मामा, वाचा बरं.”

मी घसा साफ केला.

“सोमवार. सकाळी साडेसात, ऑफ. कारण: भोपळा.”

मॅडमनी पेन थांबवलं. “भोपळा?”

“वहिनींनी भाजी केली होती, मॅडम.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे वाचलं, थांबायचं कसं ते कळेना. “सोमवार अकरा, ऑन. बाजारातले एक जुने जोडीदार आले. दोघांनी मिळून तिसऱ्याला शिव्या दिल्या. सोमवार चार, ऑफ. वहिनींनी टीव्ही बंद केला. मंगळवार नऊ, ऑफ. दादा न बोलता ऑफिसला गेले. मंगळवार एक—”

“एक मिनिट, मामा. भोपळा खाल्ल्यावर पाय अडकतात, असं म्हणायचंय?”

“पाय नाही मॅडम. मूड.”

मॅडमनी चष्मा काढला. मग शांतपणे समजावलं. ऑन म्हणजे गोळी लागू आहे, शरीर हलतंय. ऑफ म्हणजे गोळीचा जोर उतरलाय, शरीर अडकलंय. मूडचा काही संबंध नाही.

माझ्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. दादा उठले. “पंधरा दिवस,” ते म्हणाले. “भाऊ, पंधरा दिवस तुम्ही भोपळा लिहीत होता?”

“आन् खरं लिवलंय,” आबा खुर्चीतून म्हणाले. “लई वंगाळ हुता.”

“आबा!” वहिनी म्हणाल्या. पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याला काहीतरी होत होतं.

मी मनातल्या मनात सामान बांधलं. खिडकी शेवटची बघून घेतली. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “थांबा. तुम्ही आता मंगळवार एक वाचत होता. ते काय आहे?”

मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. “मंगळवार एक. मूड ऑन, गाणं म्हणत होते. पण पाय बेसिनपाशी चिकटले, वीस मिनिटं. त्याआधी गोळी, दूध आणि दोन अंडी.”

“बुधवारी एक वाजता?”

“मूड ऑफ. पाय दारात, अर्धा तास. गोळी, दूध, दोन अंडी.”

“गुरुवार?”

“पाय पलंगापाशी. गोळी, दूध, पनीर.”

मॅडम पुढे वाकल्या, त्यांचा चेहरा फोनभर झाला. “मामा, दुपारची गोळी तुम्ही कशाबरोबर देता?”

हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत होतं. “दुधाबरोबर मॅडम. मलईसकट. अंगाला लागावी म्हणून. अंडी माझ्या मनाने देतो, ताकद येते.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, दूध, अंडी, पनीर यांच्यासोबत ही गोळी नीट लागू पडत नाही. गोळी आधी, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. जेवण अर्ध्या-पाऊण तासाने. अंडी द्या, पण गोळीपासून लांब.

म्हणजे या घराचे उपकार फेडायला मी रोज दुपारी आबांच्या पायांना खिळे मारत होतो. मी भिंतीला टेकलो. “चुकलो मी,” म्हणालो. दादा काही बोलणार तेवढ्यात आबा म्हणाले, “त्याला काय बोलू नगंस. त्यानं दिलं, मी खाल्लं. पनीर ब्येस हुतं.”

मॅडम म्हणाल्या, “उलट मामांनी लिहिलं म्हणून तर सापडलं. वेळा बदला, तीन आठवडे बघू. तोवर आबांना कुठे हलवायची घाई करू नका.” आणि आणखी एक सांगितलं: पाय जिथे चिकटतात तिथे जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवा, पाऊलभर अंतराने. त्या ओलांडायच्या म्हटलं की पाय सुटतो.

दादांनीच पिवळी टेप आणली. मी गुडघ्यावर बसून स्वयंपाकघराच्या दारात सहा पट्ट्या मारल्या, फूटपट्टीने मोजून. आबा येऊन उभे राहिले. खाली बघितलं.

“फळी हाय व्हय रं ही?”

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. ट्रकला लावतात त्या फळीवर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. पट्टीवर पाय, पट्टीवर पाय, असं खाली यायचं. आबांनी कंबरेत वाक दिला, दोन्ही हात मानेमागे नेले, जशी काही पाठीवर गोणी आहे, आणि ओरडले, “चला, बाजूऽऽ!” स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या करत होत्या. त्या खरोखर बाजूला झाल्या. आबा सहाच्या सहा पट्ट्या ओलांडून ओट्याला जाऊन थडकले.

त्या आठवड्यात आम्ही टेपचे चार रोल संपवले. मी एक कायम खिशात ठेवायला लागलो.

तिसऱ्या कॉलला दादा ऐरोलीहूनच जोडले गेले. फोनवर दोन चौकोन, एकात मॅडम, एकात दादा. आबा एकदाही पडले नव्हते. पण पनवेलचा शब्द कोणी परत काढला नव्हता, ‘हो’ म्हणून नाही आणि ‘नको’ म्हणूनही नाही. वहिनी बाजारात गेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “आबा, चालून दाखवा.”

“बाजूऽऽ!” आबा निघाले. हॉलच्या पट्ट्या झाल्या, बाहेरचं दार आलं. दाराची कडी मी एरवी दोनदा बघतो, आणि त्या दिवशी वहिनी गेल्यावर कॉलच्या गडबडीत ती नेमकी लावायची राहिली होती. आबा दाराबाहेर गेले.

“आबा कुठे गेले?” मॅडमनी विचारलं. त्यांना रिकामं दार दिसत होतं.

मी फोनसकट धावलो. मॅडमना छत दिसलं असेल, माझी चप्पल दिसली असेल. आबा लिफ्टमध्ये शिरता शिरता मधल्या फटीशी अडकले होते. लिफ्टचं दार त्यांच्या खांद्याला लागून उघडत होतं, परत बंद व्हायला बघत होतं, परत उघडत होतं. मी पायाने दार धरलं, फोन दातांत धरला आणि खिशातला रोल काढला.

“आबा हँग झालेत का?” माझ्या दातांतून मॅडमचा आवाज.

मी फटीच्या अलीकडे एक पट्टी मारली, पलीकडे एक. फोन हातात घेतला. “झाले होते मॅडम.”

“बाजू,” आबा मला म्हणाले आणि पट्टी ओलांडून आत गेले. मीही आत.

मॅडम म्हणाल्या, “बघितलंत ना? माझ्या मते आबा घरीच बरे आहेत. मामा आहेत तोवर काळजी नाही. मिस्टर, तुम्ही काय म्हणता?”

दादांच्या चौकोनाकडे आम्ही दोघं बघत होतो. आबाही वाकून बघत होते.

“हो, मग ते पनवेलचं आपण—” दादा म्हणाले, आणि थांबले. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, हात वर. लिफ्टचं दार बंद झालं.

“पुढं बोल की,” आबा फोनला म्हणाले.

दादा बोलेनात. मॅडमचा चौकोन काळा झाला. लिफ्ट खाली निघाली. मी एका हाताने आबांचा दंड धरला होता. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी लिफ्ट थांबवली, आमच्याकडे बघितलं आणि चढलं नाही. दादा तसेच, उघड्या तोंडाने.

तळमजल्याला दार उघडलं. मी तिथेही पट्टी मारली. आबा बाहेर आले. फोनमध्ये खरखर झाली आणि दादांचं तोंड मिटलं.

“—असं तासाभरात कळवून टाकतो त्यांना, की नको म्हणून. हॅलो? भाऊ? हॅलो, तुमचा व्हिडिओ हँग झालाय, काहीच दिसत नाहीये.”

आबांनी फोन आपल्याकडे वळवून घेतला आणि तोच दगडाचा चेहरा त्यात घातला.

“न्हाय झाला हँग,” ते म्हणाले. “आमी खाली हाय. आता वर नेनारा कोन हाय ते बघा, ह्यो रडाय लागलाय.”